एकवीस दिवसांची मुदत

मूल जन्माला आलें, मोठ्यानें रडलें, आईला पिऊं लागलें, कीं घरांतल्या वडीलधाऱ्यांचा जीव भांड्यांत पडतो. बारसें होईपर्यंत तर बाळंतपणाची धास्ती बहुतेकांच्या मनांतून पार निघून गेलेली असते. परंतु कांहीं दुखणीं अशीं आहेत कीं, तीं मुलाबरोबरच जन्माला येतात आणि तरीही महिनोन्‌महिने कोणाच्या दृष्टीस पडत नाहींत. त्यांपैकीं एका दुखण्याचा इतिहास आज आपणांपुढें मांडावयाचा आहे. हा इतिहास जसा शोधाचा आहे, तसाच मौनाचाही आहे.

ज्या विषाणूमुळें हें दुखणें होतें त्याचें नांव सायटोमेगॅलोव्हायरस. म्हणजे पेशी फुगविणारा विषाणु. धडधाकट माणसाला त्याचा संसर्ग झाला तर थोडी कणकण, थोडा ताप, आणि बहुधा तेवढेंही नाहीं. पण गर्भार स्त्रीला संसर्ग झाला, तर वारेंतून तो गर्भापर्यंत पोंचूं शकतो. अमेरिकेंत सुमारें दोनशें मुलांमागें एक मूल हा संसर्ग घेऊन जन्मतें. अशा पांच मुलांपैकीं चार सामान्यतः निरोगी राहतात. पांचव्याला मात्र पुढें कायमचें व्यंग जडतें. त्या व्यंगांत बहिरेपण हें सर्वांत नेहमींचें.

या विषाणूची खूण माणसाला दिसली ती १८८१ सालीं. ह्यूगो रिबर्ट हा जर्मन विकृतिशास्त्रज्ञ मृत जन्मलेल्या एका बालकाचें मूत्रपिंड सूक्ष्मदर्शकाखालीं तपाशीत होता. त्यांत त्याला प्रचंड आकाराच्या पेशी दिसल्या. मधोमध एक गडद गोळा आणि त्याभोंवतीं पांढुरकें कडें, असें त्यांचें रूप होतें. पुढील पंडितांनीं त्यांना घुबडाच्या डोळ्याची उपमा दिली आणि ती अजून चालू आहे. रिबर्टला त्यांचा अर्थ लागला नाहीं. त्यानें आपलें निरीक्षण प्रसिद्ध केलें तें १९०४ सालीं. त्याच वर्षीं येसिओनेक आणि किओलेमेनोग्लू या दोघांनींही तशाच पेशींचें वर्णन केलें, पण ते एकपेशीय परजीवी प्राणी असावेत अशी त्यांची समजूत झाली. १९२१ सालीं गुडपाश्चर आणि टॅलबट या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं, हे प्राणी नसून शरीराच्याच फुगलेल्या पेशी आहेत, असें मत मांडलें. तेव्हां कोठें शोधाची दिशा बदलली.

१९३२ सालीं फार्बर आणि वोलबॅक यांनीं निरनिराळ्या कारणांनीं दगावलेल्या १८३ बालकांच्या लाळग्रंथि तपासल्या. त्यांपैकीं २२ जणांत या पेशी सांपडल्या. म्हणजे दुखणें विरळा नव्हतें. विरळा होती ती त्याची ओळख. आणि ही सारी ओळख मृत्यूनंतरची होती! जिवंत मुलाच्या मूत्रांत या पेशी शोधून निदान करण्याची रीति फेटरमननें १९५२ सालीं दाखविली.

खुद्द विषाणु हातीं आला तो १९५६-५७ च्या सुमारास, आणि तोही तीन ठिकाणीं, तिघांच्या स्वतंत्र प्रयत्नांनीं. सेंट लुईस येथें मार्गारेट स्मिथ, बेथेस्डा येथें वॉलेस रो आणि बोस्टन येथें थॉमस वेलर. रो यांना तो मुलांच्या नाकामागील गांठींच्या पेशींत मिळाला. वेलर यांना पोलिओच्या विषाणूची पेशींवर वाढ करण्याच्या कामगिरीबद्दल १९५४ सालीं दोघां सहकाऱ्यांसह नोबेल पारितोषिक मिळालें होतें. तीच विद्या येथें कामीं आली. आज रूढ असलेलें नांव १९६० सालीं त्यांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनींच सुचविलें.

येथवरची कथा प्रयोगशाळेची झाली. पण ज्या स्त्रियांना याची खरी गरज होती, त्यांच्या कानांवर यांतलें किती गेलें? जवळजवळ कांहींच नाहीं.

याचें कारण कळण्यासाठीं दुसऱ्या एका दुखण्याकडे पाहावें. १९४१ सालीं सिडनी येथील नॉर्मन ग्रेग या नेत्रवैद्यानें, मोतीबिंदु घेऊन जन्मलेल्या मुलांच्या आयांना गरोदरपणाच्या आरंभीं जर्मन गोंवर झाला होता, असें दाखवून दिलें. त्या वेळीं अनेकांनीं शंका घेतल्या; पण १९६९ सालापर्यंत त्या रोगावर लस निघाली. जर्मन गोंवरांत अंगावर पुरळ येतें, आणि तें आईच्या लक्षांत राहतें. सायटोमेगॅलोव्हायरस अंगावर कसलीच खूण ठेवीत नाहीं. आईनें आठवून सांगावें असें तिच्यापाशीं कांहीं नसतें, आणि म्हणून वैद्यानेंही तिला विचारावें असें कांहीं उरत नाहीं. ज्या रोगाला आठवण नाहीं, त्याला गाऱ्हाणें मांडणाराही मिळत नाहीं.

दुसरी अडचण काळाची आहे. जन्मापासून एकवीस दिवसांच्या आंत मुलाच्या लाळेंत वा मूत्रांत विषाणु सांपडला, तर तो पोटांतूनच आला हें निश्चित सांगतां येतें. त्यानंतर सांपडला, तर तो आईच्या दुधांतून किंवा घरांतल्या कोणाकडून मागाहून आला असण्याचा संभव असतो. आणि मागाहून आलेला संसर्ग पुरत्या दिवसांच्या मुलाला सहसा अपाय करीत नाहीं. म्हणजे बाविसाव्या दिवशीं केलेल्या साध्या तपासणीनें रोग दिसेल, पण त्याचा अर्थ लागणार नाहीं. मूल तीन वर्षांचें झालें, बोलत कां नाहीं म्हणून घरांत काळजी सुरू झाली, तोंवर ही मुदत कधींच टळून गेलेली असते.

नवजात बालकांच्या तपासणीची कल्पना तशी नवी नव्हती. १९६०च्या दशकाच्या आरंभीं रॉबर्ट गथ्री यांनीं टांचेतून रक्ताचे थेंब घेऊन कागदावर वाळवावे आणि त्यांवरून जन्मजात विकार ओळखावा, ही पद्धत काढली. १९९३ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनें बोलाविलेल्या तज्ज्ञमंडळानें प्रत्येक बालकाची श्रवणशक्ति तपासावी अशी शिफारस केली. या विषाणूसाठीं मात्र कोणी पुढें होईना. लस नाहीं, खात्रीचें औषध नाहीं; मग गर्भार बाईच्या मनांत भय कशाला भरवा, असें वैद्यमंडळी म्हणत. युक्तिवाद दयेचा होता, पण परिणाम दयेचा नव्हता. मूल बहिरें आहे हें कळल्यावर ज्या मातेनें या रोगाचें नांव प्रथम ऐकलें, तिच्या भयांत पश्चात्तापाचीही भर पडत असे.

हें मौन कायद्यानें मोडलें तें २०१३ सालीं, अमेरिकेंतील यूटा या संस्थानांत. रोंडा मेनलव यांनीं विधिमंडळांत मांडलेल्या त्या कायद्याचे दोन भाग होते. जें मूल जन्मानंतरच्या श्रवणतपासणींत उतरणार नाहीं, त्याची या विषाणूसाठीं एकवीस दिवसांच्या आंत तपासणी व्हावी. आईबापांची हरकत असेल तर मात्र नको. आणि आरोग्यखात्यानें गर्भार स्त्रियांना, तसेंच लहान मुलें सांभाळणाऱ्या संस्थांना या रोगाची माहिती द्यावी. अशा प्रकारचा अमेरिकेंतील हा पहिलाच कायदा. पहिल्या दोन वर्षांत मुदतींत तपासलेल्या २३४ मुलांपैकीं १४ मुलांत संसर्ग आढळला.

माहिती द्यावयाची ती तरी काय? ती फार साधी आहे. विषाणूचा मोठा सांठा एक ते तीन वर्षांच्या मुलांच्या लाळेंत व मूत्रांत असतो. म्हणून गर्भार स्त्रीनें लहान मुलाचें उष्टें खाऊं नये, त्याचा पेला किंवा चमचा आपण वापरूं नये, त्याच्या ओठांऐवजीं कपाळाचा मुका घ्यावा, आणि नाक पुसल्यावर वा दुपटें बदलल्यावर साबणानें हात धुवावे. मुलाच्या वाटींतला उरलेला घांस आईनें खाणें ही आपल्या घरांत मायेची खूण समजतात. म्हणून हा उपदेश वाटतो तितका सोपा नाहीं. भारतांत बहुतेक स्त्रियांना हा संसर्ग लग्नापूर्वींच होऊन गेलेला असतो. तरी जुना विषाणु पुन्हां जागा होणें किंवा नवा शिरणें शक्य असल्यानें आपण निर्धास्त राहावें असेंही नाहीं.

केवळ सांगण्यानें काय होणार, असें कोणी विचारील. त्याला २०१५ सालीं इटलींत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचें उत्तर आहे. ज्या गर्भार स्त्रियांना वरील काळजी समजावून दिली होती, त्यांच्यांत शेंकडा १.२ जणींना नव्यानें संसर्ग झाला. ज्यांना कांहींच सांगितलें नव्हतें, त्यांच्यांत शेंकडा ७.६ जणींना.

अडचणी मात्र राहिल्याच. श्रवणतपासणींत न उतरलेल्या मुलांचीच परीक्षा केली, तर ज्यांचें ऐकणें पुढें मंदावतें तीं सुटतात. सर्वांचीच करावी म्हटलें तर ज्यांना कधींच कांहीं होणार नाहीं अशा मुलांच्या आईबापांनाही वर्षानुवर्षें टांगणीला लागावें लागतें. वाळल्या रक्ताची परीक्षाही प्रथम अपुरी ठरली: २०१० सालच्या अमेरिकन पाहणींत तिनें निम्मींही बाधित मुलें पकडलीं नाहींत. लाळेची परीक्षा २०११ सालीं शेंकडा ९७ हून अधिक अचूक ठरली. पुढें रक्ताची रीतिही सुधारली. २०१९ सालीं कॅनडांतील ऑन्टारियो प्रांतानें आणि २०२३ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानानें प्रत्येक नवजात बालकाच्या रक्ताच्या थेंबावर ही तपासणी सुरू केली. औषधाचीही थोडी आशा २०१५ सालीं दिसली. जन्मतः लक्षणें दिसणाऱ्या मुलांना व्हॅलगॅनसिक्लोव्हिर सहा महिने दिल्यास श्रवण व भाषा यांत माफक सुधारणा होते, असें आढळलें. तेंही पहिल्या महिन्यांत आरंभ केला असतां, आणि रक्तांतील पांढऱ्या पेशींवर नजर ठेवून. लस मात्र अद्याप मिळालेली नाहीं.

तपासणी आणि शिकवण यांत थोरलें कोण, हा वाद व्यर्थ आहे. तपासणीमुळें बहिऱ्या मुलाला भाषा शिकण्याच्या वयांत साधनें मिळतात. शिकवणीमुळें एखाद्या मुलावर ती पाळीच येत नाहीं. यूटाच्या विधिमंडळानें दोन्ही गोष्टी एकाच कायद्यांत घातल्या, यांतच त्याचें शहाणपण आहे. रिबर्टच्या सूक्ष्मदर्शकापासून त्या कायद्यापर्यंत १३२ वर्षें गेलीं. ज्ञानाला मार्ग सांपडावयास इतका काळ लागला तो केवळ शास्त्र तोकडें होतें म्हणून नव्हे. आईला खरें सांगितलें तर ती घाबरेल, ही समजूत मोडावयासही तेवढाच वेळ लागला. हात धुण्याची गोष्ट ऐकून कोणती आई घाबरली असती?