गोल्फची शाळा

नाशिक शहरात एक मोठे मैदान आहे. कागदोपत्री त्याचे नाव ‘हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान’. पण रिक्षावाल्याला ‘गोल्फ क्लब मैदान’ म्हणून सांगितले, की तो पुढे एक शब्दही न विचारता रिक्षा सुरू करतो. तेथे क्रिकेटचे सामने होतात, सकाळ-संध्याकाळ माणसे फिरावयास येतात. गोल्फ मात्र कोणी खेळत नाही. साहेब गेला, त्याची काठी गेली, चेंडू गेला. नाव तेवढे मागे उरले. आणि ज्या तरुणाचे नाव आता त्या मैदानाला दिलेले आहे तो आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातला, खेड तालुक्यातला. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रसंगी त्याने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, आणि १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात तो फासावर गेला. रत्नागिरीकरांचा गोल्फशी संबंध आला तो असा, त्या खेळाच्या नावावर आपले नाव लिहून!

तेव्हा हा खेळ आपला नव्हे, हे आधीच मान्य करू. आमच्या सड्यावर जांभा दगड, पावसाळ्यात चार महिने धो धो पाणी आणि उन्हाळ्यात काडीही हिरवी नाही. तेथे अठरा खळग्यांचे हिरवेगार मैदान कोण राखणार? पण खेळ परका असला तरी तो शिकण्याशिकवण्याची गोष्ट परकी नाही. अलीकडे मोठ्या शहरांत गोल्फचे एक-एक दिवसाचे वर्ग भरतात. आठ-दहा माणसे सकाळी जमतात, एक शिक्षक त्यांना दिवसभर काठी धरण्यापासून चेंडू खळग्यात घालण्यापर्यंत सारे दाखवितो, आणि संध्याकाळी मंडळी दुखऱ्या पाठीने घरी जातात. एका दिवसात, तेही घोळक्यात, असे काय शिकून होते? या साध्या प्रश्नाचा माग काढीत गेले, की साडेतीनशे वर्षांचा मोठा गमतीदार इतिहास हाती लागतो.

गोल्फ म्हणजे आपल्या विटीदांडूचा श्रीमंत चुलतभाऊ. दांडूच्या जागी क्लब नावाची लांब काठी, विटीच्या जागी चेंडू. विटी उडवून मारावयाची, चेंडू मात्र निपचित पडलेला असतो. एवढ्यावरून वाटते, की हा खेळ सोपा. तसे मुळीच नाही. धावत्या चेंडूपुढे माणसाला विचार करावयास वेळच नसतो. पडलेल्या चेंडूपुढे मात्र विचारच विचार येतात, आणि तेच घात करतात. चेंडूचे वजन फार तर ४६ ग्रॅम, खळग्याची रुंदी १०८ मिलिमीटर, आणि काठीचा व चेंडूचा स्पर्श होतो तो सेकंदाच्या सुमारे दोन-हजाराव्या भागापुरता. तेवढ्या क्षणात काठीचे तोंड किंचित वाकडे असले, की चेंडू झाडीत!

स्कॉटलंडमध्ये या खेळाचे वेड इतके वाढले होते, की लोक धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडूमागे धावतात म्हणून १४५७ साली तेथील पार्लमेंटने त्यावर बंदी घातली. बंदीने खेळ थांबला नाही, हे सांगावयास नकोच. पण तो कसा खेळावा हे लिहून ठेवण्याची बुद्धी मात्र फार उशिरा झाली. एडिंबरो येथील टॉमस किंकेड नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी रोजनिशी लिहीत असे. १६८७ च्या जानेवारीत त्याने तीत गोल्फचा टोला कसा मारावा याची टिपणे केली. त्याचे म्हणणे असे, की तलवारबाजीत उभे राहतो तसे गुडघे थोडे वाकवून उभे राहावे, आणि काठी खाली येईपर्यंत पायांचे व पाठीचे स्नायू ढिले पडू देऊ नयेत. आमच्या तालमीतल्या वस्तादाने हे ऐकले असते तर तो म्हणाला असता, “अहो, हा तर पवित्रा! यात नवीन ते काय?”

खेळ शिकविण्याचे पहिले पुस्तक निघाले ते मात्र १८५७ साली. मध्ये पावणेदोनशे वर्षे गेली. एवढा वेळ का लागला? याचे उत्तर चेंडूत आहे. पूर्वी गोल्फचा चेंडू कातड्याचा असे. टोपीभर पिसे उकळून, नरम करून, ती त्या एवढ्याशा पिशवीत ठासून भरावयाची आणि मग शिवावयाचे. कसबी कारागीर दिवसभर खपला तरी तीन-चार चेंडू होत. पावसात ते भिजत, चुकीच्या टोल्याने फाटत. अशा महागड्या चेंडूने शिकाऊ माणसाला कोण खेळू देणार? शिकणे म्हणजे चुकणे, आणि तेथे एक चूक म्हणजे एक चेंडू!

मग १८४८ च्या सुमारास मलायातल्या एका झाडाचा चीक स्कॉटलंडात पोचला. त्याचे नाव गटापर्चा. हे झाड आपल्या ओळखीच्या कुळातले आहे. ज्या कुळात चिकू, मोहाचे झाड आणि कोकणातली बकुळ मोडते, त्याच कुळातले. गरम पाण्यात हा चीक मऊ होतो, गार झाला की कडक. आणि तुटलेला चेंडू पुन्हा वितळवून नवा करता येतो. चेंडू स्वस्त झाला तशी खेळणारी माणसे वाढली, आणि माणसे वाढली तसा शिकविणाऱ्याचा धंदा जन्मास आला. सेंट अँड्र्यूज येथे पिसांचे चेंडू करणारा अ‍ॅलन रॉबर्टसन या नव्या चेंडूवर इतका संतापला, की त्यावरून त्याची आणि त्याचा हाताखालचा कारागीर टॉम मॉरिस याची फारकत झाली. पोटावर पाय आला की प्रगती कोणाला आवडत नाही! टॉम मॉरिस मात्र १८५१ मध्ये प्रेस्टविक येथे मैदानाचा राखणदार म्हणून गेला आणि पुढे साऱ्या गोल्फविश्वाचा ‘ओल्ड टॉम’ झाला.

हे शिक्षक कोण होते? बहुतेक कॅडी, म्हणजे साहेबाच्या काठ्यांचे ओझे वाहणारी पोरे. त्यांना कोणी शिकविले नव्हते. ते पाहत होते. दिवसातून शेकडो टोले पाहावयाचे, कोणाचा चेंडू का भरकटला हे मनाशी ताडावयाचे, आणि अंधार पडल्यावर मोडक्या काठीने स्वतः मारून पाहावयाचे. हॅरी व्हार्डन हा जर्सी बेटावरील माळ्याचा मुलगा; लहानपणी तो कॅडी होता. त्याने ब्रिटिश ओपन ही मानाची स्पर्धा सहा वेळा जिंकली, आणि करंगळी दुसऱ्या हाताच्या बोटांवर चढवून काठी धरण्याची जी पद्धत त्याने लोकप्रिय केली तीच आजही बहुतेक वर्गांत पहिल्या तासाला शिकवितात. अशा शिक्षकांनी १९०१ मध्ये ब्रिटनमध्ये आपली संघटना उभारली. पण ज्यांना ते खेळ शिकवीत त्यांच्याच क्लबाच्या दिवाणखान्यात त्यांना प्रवेश नसे. १९२० मध्ये अमेरिकेचा वॉल्टर हेगन इंग्लंडात स्पर्धेसाठी आला, तेव्हा कपडे बदलावयास आत जागा नाही म्हणून त्याने भाड्याची आलिशान मोटार थेट क्लबाच्या दारात उभी केली आणि तीच आपली खोली केली!

हे वाचून मराठी वाचकाला आपल्याच एका माणसाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. पालवणकर बाळू. आडनाव कोकणातल्या पालवणचे, खेळ क्रिकेटचा. पुण्याच्या गोऱ्या लोकांच्या जिमखान्यात तो महिना चार रुपयांवर खेळपट्टी सारवी, जाळी लावी. साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणारा कोणी हवा होता, म्हणून त्याच्या हाती चेंडू आला. तासन्‌तास त्याने गोलंदाजी केली. फलंदाजी करण्याची संधी मात्र त्याला कोणी दिली नाही. पुढे हिंदू संघात त्याला घेतले, तरी चहाच्या वेळी जात आडवी आली, आणि पुण्यात त्याला बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९०६ मध्ये हिंदूंनी गोऱ्यांचा पराभव केला त्यात बाळूचा मोठा वाटा होता, आणि १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. स्कॉटलंडचा कॅडी आणि पुण्याचा बाळू, दोघांचीही शाळा एकच: दुसऱ्यासाठी राबता राबता डोळ्यांनी चोरलेली विद्या. आपल्याकडे तिला एकलव्याची परंपरा म्हणून गौरवतात. पण एकलव्याला अंगठा द्यावा लागला, हे गौरवणारे विसरतात.

हिंदुस्थानात हा खेळ आला तो फार लवकर. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ चा. ब्रिटिश बेटांबाहेरचा तो जगातला सर्वांत जुना. मुंबईत १८४२ मध्ये क्लब निघाला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस लॉर्ड विलिंग्डन यांनी मुंबईत देशी आणि गोऱ्या लोकांना एकत्र खेळता येईल असा क्लब काढला, आणि १९२७ मध्ये चेंबूरचा क्लब निघाला. देशी माणसाला दार उघडले, पण ते श्रीमंत देशी माणसाला. काठ्या वाहणारा मुलगा पूर्वीसारखाच बाहेरून पाहत राहिला. त्या पाहण्यातूनच पुढे चमत्कार झाले. इंडियन ओपन ही स्पर्धा १९६५ मध्ये पी. जी. सेठी या हौशी खेळाडूने जिंकली. त्यानंतर १९९१ मध्ये ती जिंकली ती अली शेर याने, आणि तो दिल्लीच्या क्लबातला एके काळचा कॅडी. कलकत्त्याच्या त्या जुन्या क्लबातील मैदान राखणाऱ्याचा मुलगा शिवशंकर प्रसाद चौरासिया तेथेच पाहून पाहून शिकला आणि २००८ मध्ये दिल्लीत युरोपीय मालिकेतील मोठी स्पर्धा जिंकून बसला. उदयन माने हा मराठी नावाचा खेळाडू २०२१ मध्ये टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये खेळला.

आता त्या घोळक्यातल्या शिकवणीकडे वळू. गोल्फमध्ये फार काळ एक गुरू आणि एक शिष्य अशीच रीत होती, आणि ती पैसेवाल्यालाच परवडे. ही भिंत पाडणाऱ्यांत एर्नेस्ट जोन्स या इंग्रज शिक्षकाचे नाव आदराने घ्यावे लागेल. १९१६ मध्ये फ्रान्सच्या रणभूमीवर त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. गोल्फचे सारे पंडित तेव्हा सांगत, की टोल्याचे बळ पायांत. जोन्स काही महिन्यांतच कुबड्या घेऊन मैदानात आला आणि एका पायावर उभा राहून अठरा खळगे त्र्याऐंशी टोल्यांत पुरे केले. दोन धडधाकट पायांच्या पुष्कळ माणसांना हे जन्मात साधत नाही! त्यावरून त्याने ताडले, की अवयवांची चिंता करू नये, काठीचे टोक झोक्यासारखे फिरू द्यावे. पुढे न्यूयॉर्कमध्ये फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरील एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर त्याने शाळा मांडली. साधन काय, तर रुमालाच्या टोकाला बांधलेला चाकू. तो झुलवून तो म्हणे, काठी अशी झुलली पाहिजे. इतके साधे, की दहा जणांना एकदम समजावे.

त्याच काळात अमेरिकेत एलन ग्रिफिन या बाई कॉलेजच्या मुलींना वर्गा-वर्गाने गोल्फ शिकवीत होत्या. श्रीमंतांच्या क्लबाचे दार ज्यांना बंद होते, त्यांना कॉलेजच्या हिरवळीवर हा खेळ मिळाला. सामुदायिक शिकवणीचे खरे मोल हे. शिक्षकाचा एक तास दहा जणांत वाटला जातो, म्हणून तो दहाव्या हिश्श्यात मिळतो.

पण स्वस्त ते कमअस्सल असे नव्हे. घोळक्यात प्रत्येकाच्या वाट्याला शिक्षकाची नजर थोडी येते, हे खरे. मात्र उरलेला वेळ वाया जात नाही. शेजारच्याचे मान वर करून पाहणे, त्याचा चेंडू फसणे, शिक्षकाने त्यास सांगणे, हे सारे आपण पाहत असतो. आणि दुसऱ्याची चूक दिसते तशी स्वतःची कधी दिसत नाही. म्हणजे कॅडीची ती जुनी शाळाच येथे उजळ माथ्याने भरते. विद्या चोरावी लागत नाही, एवढाच फरक. आमच्या आखाड्यात तरी दुसरे काय होते? एक वस्ताद, वीस पोरे. एक मल्लखांबावर चढे, एकोणीस पाहत. गोल्फवाल्यांना जे विसाव्या शतकात उमगले ते आमचा प्रत्येक वस्ताद जाणत होता.

शास्त्रज्ञांनीही आता यावर शिक्का मारला आहे. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नवशिक्यांच्या एका गटाला हातांच्या हालचालीकडे आणि दुसऱ्याला काठीच्या झोक्याकडे लक्ष देण्यास सांगितले. दुसऱ्या गटाचे टोले अधिक अचूक पडले. एकपाय जोन्सचा चाकू खराच बोलत होता. दुसरी गोष्ट अशी, की एकच टोला शंभर वेळा मारला तर त्या दिवशी फार सुधारल्यासारखे वाटते. पण निरनिराळे टोले आलटून पालटून मारले तर त्या दिवशी गोंधळ उडतो, आणि शिकलेले मात्र अधिक दिवस टिकते. म्हणून शहाणा शिक्षक सकाळी काठी धरणे व उभे राहणे, मग खळग्याजवळचे लहान टोले, त्यानंतर लांबचे टोले असा क्रम ठेवतो, आणि उतरत्या दुपारी सारे मिसळून टाकतो.

तेव्हा एका दिवसात माणूस गोल्फ शिकतो काय? नाही. पेटीवर एका दिवसात भूप येत नाही, आणि नारळावर चढणेही येत नाही. पण काठी कशी धरावी, आपली खोड कोणती, आणि घरी जाऊन कशाचा सराव करावा, एवढे तीन धडे एका दिवसात नक्की मिळतात. त्यापुढचे काम गुरूचे नाही.

कोकणात गोल्फची मैदाने व्हावीत असे आम्ही म्हणणार नाही. ते पाणी आंब्याला आणि माणसाला आधी लागते. पण पोहणे घ्या, मल्लखांब घ्या, भजनाचा पखवाज घ्या; ज्याला येते त्याने वर्षातून एक दिवस गावच्या पोरांना एकत्र बसवून, दार सताड उघडे ठेवून शिकवावे. दिवाळीत घरी आलेल्या चाकरमान्यांना तर याहून चांगला मुहूर्त नाही. कुंपणाबाहेर उभे राहून पाहणारे एखादे पोर त्या दिवशी आत आले, तर पालवणकर बाळूचे थोडेसे देणे फिटेल.