घरखरेदी-विक्रीतील दलाल आणि विश्वासाचा प्रश्न : एक ऐतिहासिक आढावा

घर घेणाऱ्याने व विकणाऱ्याने दलालाच्या सल्ल्यावर कितपत विसंबावे, हा प्रश्न सामान्यतः दलालाच्या सचोटीचा प्रश्न म्हणून मांडला जातो. कायद्यांचा इतिहास पाहता मात्र दलाल नेमका कोणाचा आणि त्याचा मोबदला कशावर अवलंबून, हे मुद्दे अधिक निर्णायक ठरतात. प्रस्तुत निबंधात महाराष्ट्रास लागू असलेल्या तीन कायद्यांच्या आधारे या मुद्द्यांचा विचार केला आहे.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या दहाव्या प्रकरणात अभिकर्ता व त्याला नेमणारा यांचे संबंध निश्चित केले आहेत. कलम २१५ व २१६ खालील उदाहरणे मालमत्तेच्या व्यवहारांचीच आहेत. विक्रीसाठी नेमलेल्या अभिकर्त्याने मालमत्ता दुसऱ्याच्या नावे स्वतःच घेतली आणि त्याने महत्त्वाची बाब अप्रामाणिकपणे लपविल्याचे अथवा विक्री तोट्याची झाल्याचे सिद्ध झाले, तर मालकास ती विक्री नाकारता येते. एखादे घर 'मिळत नाही' असे सांगून अभिकर्त्याने ते स्वतःसाठी घेतल्यास त्याच किमतीस ते नेमणाऱ्याला विकण्यास त्याला भाग पाडता येते. तथापि हे उपाय फसवणूक उघड झाल्यानंतरचे आहेत. शिवाय दोन्ही पक्षांकडून दलाली घेण्याच्या रूढीत दलालाची निष्ठा कोणाशी, हेच अस्पष्ट राहते.

मोबदल्याच्या पद्धतीतही हितविरोध आहे. एक टक्का दलाली असता पन्नास लाखांऐवजी बावन्न लाख किंमत आल्यास विक्रेत्याचा दोन लाखांचा, तर दलालाचा केवळ दोन हजारांचा लाभ होतो. साहजिकच थांबण्यापेक्षा व्यवहार लवकर उरकणे दलालास सोयीचे ठरते. स्टीव्हन लेविट व चाड सिव्हरसन यांनी अमेरिकेतील शिकागो परिसरासंबंधी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दलालांची स्वतःची घरे सुमारे ३.७ टक्के अधिक किमतीस आणि सुमारे साडेनऊ दिवस अधिक थांबून विकली गेल्याचे आढळले.

महाराष्ट्राच्या १९६३ च्या मालकी सदनिका कायद्याने जमिनीवरील हक्क व बोजा उघड करण्याचे दायित्व बांधकाम प्रवर्तकावर टाकले. दलालाच्या नोंदणीची तरतूद त्यात नव्हती. ती स्थावर संपदा कायदा, २०१६ ने केली. कलम ९ नुसार नोंदणीकृत प्रकल्पातील विक्रीसाठी दलालाची नोंदणी अनिवार्य झाली. कलम १० नुसार खोटी माहिती देण्यास प्रतिबंध झाला आणि ग्राहकास कागदपत्रे उपलब्ध करून देणे हे दलालाचे कर्तव्य ठरले. महाराष्ट्राच्या नियामक प्राधिकरणाने २०२३ मध्ये दलालांसाठी प्रशिक्षण व सक्षमता प्रमाणपत्रही आवश्यक केले.

तरीही कलम ९ चा रोख नोंदणीकृत प्रकल्पांवर असल्याने जुन्या घरांच्या पुनर्विक्रीतील ग्राहकास आजही प्रामुख्याने १८७२ च्या तत्त्वांचाच आधार घ्यावा लागतो. म्हणून दलाल कोणाचा प्रतिनिधी आहे व दलाली कोणाकडून घेणार आहे, हे आरंभीच लेखी ठरविणे अगत्याचे आहे. त्याअभावी त्याचा सल्ला हे मत म्हणून ऐकावे. हक्काची व किमतीची खातरजमा मात्र स्वतंत्रपणे करावी, असा निष्कर्ष निघतो.