सैल खांदा, घट्ट खांदा

श्रोतेहो, टेनिसचा सामना पाहताना आपली नजर चेंडूमागे धावत असते. ती घटकाभर खेळाडूच्या खांद्यावर स्थिर करून पाहावी. सर्व्हिस करताना चेंडू वर उडतो, रॅकेट पाठीमागे जाते आणि दंड बाहेरच्या बाजूस इतका वळतो की पाहणाऱ्यास तो निखळेल की काय असे वाटावे. दुसऱ्याच क्षणी तोच दंड आतल्या बाजूस फिरून पुढे झेपावतो. सन २००० मध्ये सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये या फिरण्याचा वेग मोजण्यात आला, तेव्हा पुरुष खेळाडूंच्या बाबतीत तो सेकंदाला दोन हजार अंशांहून अधिक भरला. ही क्रिया एका सामन्यात शंभराहून अधिक वेळा व्हावी आणि वर्षानुवर्षे एकाच हाताने व्हावी, याचे मोल त्या सांध्याला द्यावे लागतेच.

हे मोल मोठे विलक्षण असते. अशा खेळाडूचा खांदा बाहेरच्या दिशेने नेहमीपेक्षा अधिक वळू लागतो आणि आतल्या दिशेने कमी. म्हणजे एकच सांधा एकीकडे सैल आणि दुसरीकडे घट्ट होतो. सैलाला बांधावयाचे आणि घट्टाला सोडवावयाचे, अशी दोन्ही कामे उपचारकाच्या हाताला एकाच ठिकाणी करावी लागतात. या हाताच्या विद्येला आपण हस्तोपचार म्हणू. टेनिसचे वय जेमतेम दीडशे वर्षांचे. ही विद्या मात्र दोन हजार वर्षांहूनही जुनी आहे.

प्रथम सांध्याची ओळख करून घेऊ. शाळेत आपण त्याला उखळीचा सांधा म्हणून शिकलो. दंडाच्या हाडाचा गोल माथा फऱ्याच्या हाडाच्या खळगीत बसतो. परंतु ही उखळ नावाचीच. खोलीने ती एखाद्या बशीसारखी उथळ आहे. म्हणूनच हात चहूकडे फिरतो आणि म्हणूनच तो शरीरातील इतर मोठ्या सांध्यांपेक्षा सहज निखळतो. माथ्याला जागेवर धरून ठेवण्याचे काम हाडांपेक्षा भोवतालचे स्नायू आणि बंध यांच्याकडेच अधिक आहे. निसर्गाने येथे स्थैर्य देऊन स्वातंत्र्य विकत घेतले आहे.

या सौद्याचे परिणाम प्राचीनांच्या ध्यानात आले होते. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात जन्मलेल्या हिपॉक्रेटीसच्या नावे असलेल्या ग्रीक ग्रंथांत सांध्यांवर एक स्वतंत्र प्रबंध आहे आणि त्याचा आरंभच खांद्यापासून होतो. निखळलेला खांदा बसविण्याच्या रीती सांगताना तेथे काखेत मुसळ देण्याची रीतही येते. आपल्या सुश्रुतसंहितेतही खांद्याचा सांधा सुटला असता मुसळाने काख वर उचलावी आणि सांधा जागी आला की स्वस्तिकाच्या आकाराचा बंध बांधावा, असे सांगितले आहे. दोन दूरच्या देशांतील वैद्यांना उखळीच्या सांध्यासाठी मुसळच सुचावे, ही गंमत ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

पण हिपॉक्रेटीसचा खरा मोठेपणा पुढे दिसतो. सांधा बसविल्यावर खांदा हलक्या हाताने चोळावा, असे सांगताना तो एक तत्त्व नोंदवून ठेवतो : चोळणे हे नाव एक असले तरी त्याचे परिणाम अनेक आहेत, अतिसैल सांधा त्याने आवळता येतो आणि अतिकठीण सांधा मोकळाही करता येतो. सुश्रुतानेही चोळण्याला व्यायामापासून तोडलेले नाही. आपल्या शक्तीच्या निम्म्यापर्यंत व्यायाम करावा आणि मग सर्वांग सुख होईल अशा बेताने मर्दावे, असा त्याचा क्रम आहे. वायूने खांद्याचे बंध सुकून हात आखडतो, त्या विकाराला त्याने अवबाहुक असे नावही दिले आहे.

ही जोडी आपल्या तालमींत कित्येक शतके नांदली. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास या ग्रंथात मल्लांच्या व्यायामाचेही वर्णन आहे आणि राजाच्या अभ्यंगाचेही. गावोगावच्या तालमीत वस्तादाच्या नजरेखाली जोर मारून झाले की पठ्ठे एकमेकांचे अंग रगडीत आणि खांद्यासाठी मुद्गल फिरवीत. हाताने मोकळे केलेल्या सांध्याला मुद्गलाने बळ द्यावे, हे तेथे कोणी पुस्तकातून शिकले नव्हते. एकोणिसाव्या शतकात हा मुद्गल इंग्रजी फौजेने उचलला, ‘इंडियन क्लब’ या नावाने तो युरोप-अमेरिकेच्या व्यायामशाळांत पोहोचला आणि १९०४ व १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये त्याच्या स्पर्धाही झाल्या.

युरोपात या विद्येला शाळेचे रूप दिले ते स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंगने. हा तलवारबाजीचा शिक्षक. १८१३ मध्ये त्याच्या पुढाकाराने स्टॉकहोममध्ये राजाश्रयाची व्यायामसंस्था निघाली. उपचारकाने रोग्याचा अवयव हलवावा, मग रोग्याने उपचारकाच्या विरोधाला तोंड देत तो स्वतः हलवावा, अशा पायऱ्यांनी तेथे उपचार चाले. पुढे टेनिसपटूच्या खांद्याला जे लागणार होते त्याचे बीज येथे आहे.

आता टेनिसकडे वळू. १८७४ मध्ये मेजर विंगफील्ड याने हिरवळीवरच्या या खेळाचे एकस्व इंग्लंडमध्ये मिळविले आणि १८७७ मध्ये विंबल्डनची पहिली स्पर्धा झाली. त्या वेळी सर्व्हिस ही केवळ खेळ सुरू करण्याची रीत होती. चेंडू खालून किंवा बाजूने मारीत. डोक्यावरून जोराने मारण्याचा प्रघात पुढच्या काही वर्षांत रूढ झाला आणि खांद्यावरचा भार पालटला. १८८२ मध्येच ‘लान्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात टेनिस खेळणाऱ्यांच्या हाताच्या दुखण्याचा उल्लेख आला. खेळ जन्मतो न जन्मतो तोच त्याचे दुखणेही जन्माला आले.

हे दुखणे घेऊन तेव्हाचा खेळाडू कोणाकडे जाई? शिकलेला डॉक्टर बहुधा विश्रांती सांगे. सांधा फार दिवस न हलविल्याने तो अधिकच आखडे आणि मग रोगी हाडवैद्याकडे वळे. हाडवैद्य एका झटक्यात सांधा मोकळा करी. कधी बरे करी, तर कधी कायमचे अपंगत्व देई. सर जेम्स पॅजेट या नामांकित शल्यवैद्याने १८६७ मध्ये आपल्या व्यवसायबंधूंना बजावले की हाडवैद्य बरे करतात असे रोगी खरोखर आहेत. त्यांच्यातले चांगले ते शिका, वाईट ते टाळा. वॉर्टन हूड या डॉक्टराने तर हटन नावाच्या हाडवैद्याकडे प्रत्यक्ष शिकून १८७१ मध्ये ती रीत प्रसिद्ध केली.

तथापि शहाणपणाचे दोन शब्द ऐकून संस्था बदलत नाहीत. हर्बर्ट बार्कर हा पदवी नसलेला हाडवैद्य लंडनमध्ये गाजत होता. त्याच्या रोग्यांना भूल देण्याचे काम डॉ. ॲक्सम करीत, त्या अपराधाबद्दल १९११ मध्ये इंग्लंडच्या वैद्यकीय परिषदेने त्यांचे नाव नोंदवहीतून काढून टाकले. १९२२ मध्ये बार्करला सरदारकी मिळाली आणि १९२६ मध्ये ॲक्सम वारले, ते नाव परत न चढताच. ज्ञान कोणाच्या हाती आहे याचा वाद माजला की ते ज्ञान खरे की खोटे, हा प्रश्न मागे पडतो.

दुसऱ्या बाजूने काही स्त्रियांनी या विद्येची अब्रू सावरली. लंडनमध्ये मर्दनाच्या नावाखाली अनीतीचे अड्डे चालतात असा गवगवा झाला, तेव्हा १८९४ मध्ये चार परिचारिकांनी प्रशिक्षित मर्दनकारांची संस्था काढली, परीक्षा ठेवल्या, आचारनियम घातले. पहिल्या महायुद्धाच्या जखमींनी या विद्येची गरज सिद्ध केली, १९२० मध्ये संस्थेला राजसनद मिळाली आणि १९४४ मध्ये तिच्या नावात भौतिकोपचार हा शब्द आला. आपल्याकडे मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५३ च्या सुमारास या विद्येचे शिक्षण सुरू झाले. त्यामागे होती पोलिओची साथ. हस्तोपचाराला प्रतिष्ठा मिळवून दिली ती सर्वत्र दुर्बल झालेल्या अवयवांनी. खेळाडूंची पाळी त्यानंतरची.

खांद्याचे शास्त्र मात्र स्वतंत्रपणे वाढत होते. बॉस्टनच्या अर्नेस्ट कॉडमनने १९३४ मध्ये खांद्यावर मोठा ग्रंथ लिहिला. हा गृहस्थ हट्टी होता. प्रत्येक रोग्याचा पुढे काय परिणाम झाला हे रुग्णालयाने नोंदवून पाहावे आणि उघड करावे, असा त्याचा आग्रह होता. त्यापायी त्याने १९१४ मध्ये आपले पदही सोडले. हात वर उचलताना दंड आणि फऱ्याचे हाड एका लयीत हलतात, हे त्याने दाखविले. १९४४ मध्ये इनमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मोजून सांगितले की हात पूर्ण वर गेला तर सुमारे १२० अंश खऱ्या सांध्यातून येतात आणि ६० अंश फऱ्याच्या हालचालीतून. खांदा म्हणजे एकटा सांधा नव्हे, हे तेव्हापासून पक्के झाले.

पुढे लंडनच्या जेम्स सिरियाक्सने १९४७ च्या आपल्या ग्रंथात तपासणीची शिस्त घालून दिली. उपचारकाने हात हलविला असता दुखते, की रोग्याने विरोधाविरुद्ध बळ लावले असता दुखते, हे वेगळे पाहावे; पहिल्याने बंधांचा दोष कळतो, दुसऱ्याने स्नायूंचा. ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलंडने हाताच्या हालचालीच्याच श्रेणी ठरविल्या : वेदना असेल तेथे अडथळ्याच्या अलीकडे राहणारी मृदू आंदोलने, ताठरपणा असेल तेथे अडथळ्यापर्यंत जाणारी. हाडवैद्याच्या झटक्याची जागा अशा रीतीने मोजमापाने घेतली.

हे मोजमाप टेनिसला नेमके वेळेवर लाभले. १९६८ मध्ये मोठ्या स्पर्धा व्यावसायिकांना खुल्या झाल्या, खेळाडू बारमाही खेळू लागले, पुढे लाकडी रॅकेट जाऊन हलक्या व ताठ रॅकेटी आल्या. १९७६ मध्ये दोन अमेरिकन डॉक्टरांनी टेनिसपटूंचा खेळता खांदा दुसऱ्यापेक्षा खाली उतरलेला असतो, याकडे लक्ष वेधले. त्यानंतर सैल-घट्टपणाचे ते जोड-दुखणे अंशांत मोजले गेले. आत वळणे कमी का होते? खांद्यामागचे स्नायू आणि सांध्याचे आवरण ताठरते, हे एक कारण. पण लहान वयापासून खेळणाऱ्याच्या दंडाचे हाडच वाढताना किंचित वळते, हेही कारण आहे. आणि हाडाचा पीळ कोणाच्याही हाताने उलगडत नाही.

म्हणून आजचा जाणता उपचारक प्रथम दोन्ही खांद्यांचे आत आणि बाहेर वळणे मोजतो आणि बेरीज करतो. बेरीज दोन्हीकडे सारखी आली, तर वळण नुसते एका बाजूस सरकले आहे. ती बहुधा शरीराने केलेली तडजोड असते आणि तिला धक्का लावू नये. खेळत्या हाताची बेरीज कमी भरली, तर ताठरपणा खरा आहे. मग दंडाचा माथा हाताने हळूहळू मागे सरकविणे, खांद्यामागचे स्नायू रगडून सैल करणे, हात छातीवरून आडवा ओढून ताणणे, हे उपाय कामी येतात. पुष्कळदा त्याच बैठकीत काही अंश परत मिळतात.

येथेच मोहाचा क्षण असतो. अंश मिळाले, वेदना उतरली, खेळाडू खूश होतो आणि उपचारकाची कीर्ती होते. परंतु हाताने मिळविलेली ही मोकळीक अल्पजीवी आहे. तिच्या मागोमाग बळ आले नाही, तर काही दिवसांत खांदा पूर्वपदावर येतो. किंबहुना मुळातच सैल असलेल्या सांध्याला अधिक सैल केल्याचे पातक पदरी पडते. सर्व्हिसमध्ये हात पुढे फेकणारे स्नायू खेळानेच बळावतात. तो फेकलेला हात आवरणारे, बाहेर वळविणारे स्नायू मागे पडतात. त्यांचे बळ पहिल्यांच्या निदान दोन-तृतीयांश तरी असावे, असा आज संकेत आहे. ते येते रबरी पट्टा ओढून, लहान वजने उचलून, फऱ्याला आधार देणाऱ्या स्नायूंचा व्यायाम करून, आणि तेही महिनोन्महिने. शिवाय सर्व्हिसचे निम्म्याहून अधिक बळ पाय, नितंब आणि धड यांतून येते. ते कमी पडले की त्याची भरपाई खांद्याकडून वसूल होते.

मारिया शारापोव्हाच्या उजव्या खांद्यावर २००८ मध्ये शस्त्रक्रिया झाली. परत आल्यावर तिला आपली सर्व्हिस आखूड करून, नव्याने घडवावी लागली. त्या काळातल्या तिच्या चुकलेल्या सर्व्हिसी रसिकांनी पाहिल्या आहेत. १९६१ साली किंवा १८८१ साली असा खांदा बहुधा खेळातून बादच झाला असता. तिने २०१२ मध्ये पॅरिसची अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. त्या विजयात कोणा एका उपचारकाचा हात शोधण्यात अर्थ नाही. चार वर्षांच्या कष्टांचा तो हिशेब होता.

श्रोतेहो, आपल्या गावच्या शाळांतून आणि क्लबांतून आज दहा-बारा वर्षांची मुले दिवसाकाठी शेकडो सर्व्हिसी मारताना दिसतात. त्यांचा खांदा दुखू लागला की घरचे लोक मालीश करणारा शोधतात, दुखणे उतरते आणि मूल दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर जाते. अशा वेळी पालकांनी कॉडमनचा हट्ट आठवावा : महिन्यानंतर काय झाले, हे विचारावे. हिपॉक्रेटीसने मोकळे करणे आणि आवळणे ही दोन्ही कामे एकाच ओळीत सांगितली, आणि आपल्या वस्तादाने अंग रगडून झाल्यावर पठ्ठ्याच्या हाती मुद्गल दिला. उपचारकाच्या हाताने खांद्याला वाट करून द्यावी. त्या वाटेने चालावयाचे ते खेळाडूच्या स्वतःच्या बळाने, आणि मुलाच्या बाबतीत पुरेशा विश्रांतीने.