सम सापडत नव्हती: ज्युलिएटच्या तालमीची गोष्ट

आज आपण जाणार आहोत लेनिनग्राडला, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गला. साल १९३९ संपत आलंय, शेजारच्या फिनलंडशी युद्ध चालू आहे, आणि किरोव्ह थिएटरमध्ये एका नव्या बॅलेची तालीम रंगलीये. खरं तर रंगत नाहीये, तीच तर गोष्ट आहे.

बॅलेचं नाव ‘रोमिओ अँड ज्युलिएट’. संगीत सर्गेई प्रोकोफिएव्ह यांचं. त्यांनी ते १९३५ मध्येच लिहिलं होतं, पण मॉस्कोच्या बोल्शोई थिएटरनं ‘यावर नाचता येणार नाही’ म्हणून नाकारलं. गंमत म्हणजे प्रोकोफिएव्हनी आधी शेवट गोड केला होता. त्यांचं म्हणणं, जिवंत माणसं नाचू शकतात, मरणारी आडवी पडून कशी नाचणार? नंतर त्यांनी मूळ शोकान्त शेवट परत आणला. पहिला प्रयोग झाला तोसुद्धा परदेशात, चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो शहरात, ३० डिसेंबर १९३८ ला.

आता किरोव्हमध्ये ज्युलिएट होती गालिना उलानोव्हा. वय तिशीच्या उंबरठ्यावर. रोमिओ कॉन्स्टँटिन सर्गेयेव्ह आणि नृत्यदिग्दर्शक लिओनिद लाव्ह्रोव्स्की. उलानोव्हा वाढली चायकोव्हस्कीच्या संगीतावर, जिथे सूर पायाला आपोआप वाट दाखवतो. इथे मात्र लय सारखी बदलायची. कथक शिकणाऱ्याला सम सापडू नये, तशी सगळ्यांची अवस्था. प्रेमाचा प्रसंग करायचा, पण डोकं मोजण्यात अडकलेलं. वादकही इतके वैतागले की प्रयोग तोंडावर आला असताना त्यांनी बैठक घेऊन ‘वाजवायचं नाही’ असं ठरवलं होतं!

त्यात आणखी एक अडचण. संगीताचे काही भाग इतके हळुवार होते की स्टेजवर ऐकूच यायचे नाहीत. नर्तकांनी तक्रार केली, तर प्रोकोफिएव्ह चिडले: तुम्हाला संगीत नको, ढोल हवेत! ते बसायचे प्रेक्षागृहात, तिथे सगळं स्वच्छ ऐकू यायचं. आमच्या आयटीच्या भाषेत सांगायचं तर, ‘माझ्या मशीनवर तर चालतंय.’

मग नर्तकांनी त्यांना स्टेजवरच बोलावलं. ते ज्युलिएटच्या पलंगावर बसले, ऑर्केस्ट्रा सुरू झाला आणि त्यांनी कान देऊन ऐकलं. मग कबूल केलं की हा भाग पुन्हा लिहावा लागेल. आणि लिहिलाही. उलानोव्हानं पुढे आठवणींमध्ये हे सांगितलंय.

११ जानेवारी १९४० ला प्रयोग झाला आणि गाजला. नंतरच्या मेजवानीत उलानोव्हानं शेक्सपिअरच्या शेवटच्या ओळींचं विडंबन केलं: या संगीताइतकी दुःखद कहाणी जगात दुसरी नाही! प्रोकोफिएव्हसमोरच.

पण पुढे तिचंच मत बदललं. ज्युलिएटसाठी दुसरं संगीत असूच शकत नाही, असं ती म्हणायची. १९५६ मध्ये बोल्शोई लंडनला गेलं, तेव्हा ४६ वर्षांच्या उलानोव्हानं कोवळी ज्युलिएट नाचून दाखवली आणि लंडनकर वेडे झाले. ते बघायला प्रोकोफिएव्ह नव्हते, १९५३ मध्येच ते गेले होते.

मला या गोष्टीत तो पलंग सगळ्यात जास्त आवडतो. ‘संगीत वाईट आहे’ यावर वर्षभर भांडता आलं असतं. ‘इथे उभं राहिलं की ऐकू येत नाही’ म्हटल्यावर मात्र तिथे जाऊन ऐकणं एवढंच उरतं. उलानोव्हाला संगीत आवडत नव्हतं, तरी तिनं तालीम सोडली नाही. प्रोकोफिएव्हना राग आला होता, तरी ते उठून स्टेजवर गेले.

आज हेडफोन लावून बाल्कनीचा प्रसंग नक्की ऐका. भेटू पुढच्या भागात!