पाळण्यात नाव ठेवायच्या आधीच

९ जानेवारी २०२१ची ती रात्र. भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागली. १७ पैकी ७ बाळं वाचली, १० गेली. काहींचं बारसंही झालं नव्हतं. अशा कक्षात नोंद ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव.

आम्ही पत्रकारांनी आकडा छापला, मग ५ लाखांची मदत, चौकशी. पान्हा दाटलेली बाई रिकाम्या हातांनी घरी गेली, तेव्हा तिच्याजवळ कोण बसलं? मी विचारलंच नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्राने बाळ दगावलेल्या आईला ६० दिवसांची विशेष रजा दिली. चांगलंच झालं. पण फक्त आपल्या कर्मचाऱ्यांना. रोवणीला जाणारीची मजुरीच बुडते.

बाळ गेल्यावरही तुमच्या गावात आशाताई त्या घरी जाते का? सांगा, लिहायचंय.