नादारीपासून नववीपर्यंत

ज्यांचं हायस्कूल 1960 च्या आगेमागे झालं, त्यांना ‘नादारी’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. वर्गशिक्षक फीची वही उघडत, एकेक नाव पुकारत. फी आणलेला मुलगा टेबलाशी जाऊन पैसे मोजून देई; फी माफ असलेला नादार मुलगा बाकावरच बसून राही. पूर्ण नादारी, अर्धी नादारी अशी गरिबीचीही प्रतवारी होती.

या वहीची कथा ठाणे जिल्ह्यातल्या शहाडसारख्या कामगारवस्तीपेक्षा जुनी आहे. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी दुखणं नेमकं मांडलं होतं : सारा शेतकरी भरतो आणि सरकारी पैसा वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. हायस्कूलच्या दाराशी मात्र फी उभीच होती. ठाणे जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. त्या इलाख्याच्या कायदेमंडळात 1927 च्या मार्चमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिशोबच वाचून दाखवला : हायस्कुलांच्या खर्चापैकी सुमारे 31 टक्के रक्कम फीतून येते, आणि प्राथमिक शाळेत दाखल झालेल्या शंभर मुलांतली जेमतेम 18 चौथीपर्यंत पोहोचतात. शिक्षणाचा व्यापार होतोय, असं त्यांनी सरकारला सुनावलं. भाऊराव पाटलांनी 1940 मध्ये साताऱ्याला मोफत हायस्कूल काढलं ते याच पार्श्वभूमीवर.

उल्हास नदीकाठच्या शहाडचं रूप पालटलं ते त्यानंतर. शेजारच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि 1949 मध्ये तिचं उल्हासनगर झालं. पुढच्या दशकात सेंचुरी रेयॉन उभी राहिली आणि पाळीवर जाणाऱ्या कामगारांची बिऱ्हाडं आली. बापाचं सही करण्यापुरत्या अक्षरओळखीवर भागून गेलं, पण पोराला कारखान्यात बरी जागा हवी तर मॅट्रिक हवी होती.

1959 मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने आर्थिकदृष्ट्या मागासांना फी माफ केली. घरोघरी ‘ईबीसी’ म्हणून रुळलेली हीच ती सवलत. उत्पन्नाची मर्यादा आधी वर्षाला 900 रुपये होती, मग 1200 झाली. 900 म्हणजे महिना 75 रुपये. नादारी शाळेच्या मर्जीवर होती, ईबीसी हक्क झाला. पण पगाराची चिठ्ठी हाती पडणाऱ्याला उत्पन्न लपवता येत नसे, आणि बिगारी मजुराला आपण गरीब आहोत हे सिद्ध करायलाच एक रोज बुडवून दाखला आणावा लागे.

पुढे मुलींना बारावीपर्यंत आणि मग अनुदानित शाळांतल्या सगळ्यांनाच दहावीपर्यंत फीमाफी मिळाली. नादारीची वही बंद झाली. त्याच सुमारास विनाअनुदानित इंग्रजी शाळा वाढल्या, आणि टर्म फी, बस, गणवेश, क्लास असे नवे रकाने पालकांच्या वहीत उघडले.

शहाडच्या पुढचं स्टेशन आंबिवली. तिथल्या मोहने गावातला एनआरसी हा रेयॉनचा दुसरा मोठा कारखाना 2009 च्या नोव्हेंबरात बंद पडला. जेमतेम पाच महिन्यांनी, 1 एप्रिल 2010 रोजी, शिक्षण हक्क कायदा लागू झाला. कारखान्याच्या वसाहतीतल्या सातवी-आठवीच्या मुलांना कायद्याचं छत्र होतं, नववी-दहावीच्या थोरल्या भावंडांना नव्हतं. कारण कायदा सहा ते चौदा वयापुरता, म्हणजे आठवीपर्यंतचा आहे. पगार थांबलेल्या घराने अनुदानित शाळेत फी भरली नाही तरी चालतं. पण वह्या आणि क्लासचा खर्च कोणी माफ करत नाही, आणि सोळा वर्षांच्या हातांना रोजाने काम मिळतं.

याच कायद्याने खासगी शाळांतल्या 25 टक्के जागा दुर्बल घटकांसाठी राखल्या. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने सरकारी वा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरातल्या खासगी शाळांना त्यातून वगळलं. उच्च न्यायालयाने जुलैत तो बदल रद्द केला. पालक जिंकले, पण आठवीपुरतेच. पहिलीपासून त्या बाकांवर बसलेल्या मुलाच्या घरी शाळेच्या पूर्ण फीची पहिली पावती येते ती नववीत.