‘हुंडा’ : शब्दार्थ आणि कायद्यातील वाद

सोलापूर शहरात विवाहप्रसंगी वरपक्षाला दिल्या जाणाऱ्या धनाला निदान चार नावे आहेत. मराठी भाषक त्याला हुंडा म्हणतात. तेलुगू भाषक पद्मशाली समाजात कट्नम हा शब्द चालतो. अक्कलकोट व दक्षिण सोलापूर भागांतील कन्नड भाषक वरदक्षिणे म्हणतात. उर्दू भाषकांच्या घरी जहेजची बोलणी होतात. पोलीस ठाण्यात जबाब लिहिला जातो तो मात्र मराठीत, आणि तेथे या चारही शब्दांचा एकच शब्द होतो. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, म्हणजे १८ ऑगस्ट २०२५ पासून या जिल्ह्यापुरते कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे गेले, की त्या मराठी शब्दाचेही इंग्रजीत रूपांतर व्हावे लागते. हुंड्याच्या कायद्यांवरील वाद हे हक्कांचे वाद मानले जातात व ते तसे आहेतच. तथापि १९६१ पासूनचा त्यांचा इतिहास पाहता त्यांतील पुष्कळसे वाद शब्दार्थाचे आहेत, आणि कोणता अर्थ ग्राह्य धरावयाचा यावर शिक्षा वा सुटका अवलंबून राहिलेली आहे, हे ध्यानात आल्यावाचून राहत नाही.

हुंडा या शब्दाची मराठीतील पूर्वपीठिका व्यवहाराची आहे. एकरकमी ठराव हा त्याचा एक अर्थ. मालाच्या वाहतुकीचा असा ठराव पतकरणारा तो हुंडेकरी. म्हणजे बोलणी आधी होऊन रक्कम ठरली पाहिजे, ही कल्पना शब्दातच आहे. याच्या उलट दिशेने, वराकडून वधूपित्याकडे, जाणाऱ्या द्रव्यास मराठीत देज म्हणत. हिंदीतील दहेज त्याच्याशी दिसण्यात जवळचा असला तरी अर्थाने नेमका विरुद्ध आहे, व तो फारसी-अरबी जहेजच्या कुळातील आहे. एकोणिसाव्या शतकातील मराठी सुधारकांना कन्याविक्रयाचीच चिंता अधिक होती. देवलांच्या ‘संगीत शारदा’ (१८९९) नाटकातला बाप मुलगी देऊन पैसा घेऊ पाहतो. पुढे दोन दशकांच्या आत मामा वरेरकरांच्या ‘हाच मुलाचा बाप’ या नाटकात पैसा मागणारा बाप मुलाचा आहे. सर्व जातींत असा पालट एकाच वेळी झाला असे मात्र दोन नाटकांवरून म्हणता येणार नाही.

१९६१ च्या कायद्याने हुंड्याची व्याख्या केली ती या करारवाचक कल्पनेला धरूनच. विवाहाचा मोबदला म्हणून दिलेली वा देऊ केलेली संपत्ती म्हणजे हुंडा, असा तिचा आशय होता. विवाहसमयीच्या भेटवस्तू हुंड्यात मोडतात की नाहीत, यासारख्या मुद्द्यांवर लोकसभा व राज्यसभा यांचे एकमत होईना. तेव्हा ६ व ९ मे १९६१ रोजी उभय सभागृहांची संयुक्त बैठक घ्यावी लागली. भारतीय संसदेच्या इतिहासातील ती पहिलीच संयुक्त बैठक. अखेर मोबदला म्हणून नसलेल्या भेटी वगळणारे स्पष्टीकरण कायद्यात राहिले, आणि मानपान, आहेर, पोषाख, आंदण अशा शब्दांना आडोसा मिळाला. मोबदला ठरल्याचा कागद कोणी करीत नाही. त्यामुळे जे सिद्ध करावयाचे ते जवळजवळ असिद्धच राहिले. १९८४ च्या दुरुस्तीने ते स्पष्टीकरण गळले व ‘मोबदला म्हणून’ याच्या जागी ‘विवाहासंबंधात’ असे शब्द आले; १९८६ मध्ये ‘विवाहानंतर कोणत्याही वेळी’ अशी भर पडली. मेहर तेवढा पहिल्यापासून वगळलेला आहे.

या दोन टप्प्यांच्या मध्ये पुण्यातील मंजुश्री सारडा यांचा मृत्यू येतो. विवाहानंतर अवघ्या चार महिन्यांनी, ११ व १२ जून १९८२ च्या दरम्यानच्या रात्री, विषाने त्यांचा अंत झाला. सत्र न्यायालयाने पतीस देहदंड दिला, उच्च न्यायालयाने तो कायम केला, आणि १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली. परिस्थितिजन्य पुराव्याच्या ज्या पाच कसोट्यांना त्या निकालाने ‘पंचशील’ म्हटले, त्या आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतात. मंजुश्रींनी बहिणीला व मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांचा तेथे बारकाईने विचार झाला. परंतु न्यायालयापुढचा प्रश्न खून की आत्महत्या एवढाच होता. घटना घडली तेव्हा विवाहितेचा छळ हा स्वतंत्र अपराध नव्हता. भारतीय दंड संहितेचे कलम ४९८-अ हे २५ डिसेंबर १९८३ रोजी अंमलात आले. नारी समता मंचाने ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन महाराष्ट्रात फिरविले, त्यामागे विवाहितांच्या अशा मृत्यूंची अस्वस्थता होती.

नव्या कलमातील अपराधाला मराठी जनांनी ‘छळ’ हेच नाव दिले. संस्कृतात छल म्हणजे कपट, आणि न्यायशास्त्रात वाक्छल म्हणजे बोलणाऱ्याच्या शब्दाचा भलताच अर्थ लावणे; पीडा हा अर्थ मराठीने दिलेला. सासुरवास हा शब्द तर याहून बोलका आहे. सासरी राहणे एवढाच ज्याचा अवयवार्थ, तो शब्द जाचाचे नाव होऊन बसला. ४९८-अ मध्ये ‘हुंडा’ हा शब्दच नाही, मालमत्तेची ‘बेकायदेशीर मागणी’ असे शब्द आहेत, ही गोष्टही वादाच्या भरात पुष्कळदा विसरली जाते. १९८६ मध्ये आलेल्या ३०४-ब या हुंडाबळीच्या कलमात मात्र तो शब्द आहे, व त्याचा अर्थ १९६१ च्या कायद्यातून घ्यावयाचा आहे.

हा अर्थ किती महाग पडू शकतो हे अप्पासाहेब विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात दिसले. विवाहितेकडे माहेरहून पैसे आणण्याची मागणी होत होती. पैसे हवे होते घरखर्चासाठी आणि खतासाठी. ५ जानेवारी २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, एखाद्या व्यवहाराच्या संदर्भात केलेल्या कायद्यातील शब्दाला तो व्यवहार जाणणाऱ्यांत रूढ असलेला अर्थ द्यावा. आणि सामान्यतः समजल्या जाणाऱ्या अर्थाने, घरगुती नडीपोटी वा खतासाठी मागितलेला पैसा हुंडा ठरत नाही. हुंडाबळीची शिक्षा रद्द झाली. शब्दाचा रूढ अर्थ प्रमाण मानणे हे तत्त्व भाषाशास्त्राला परके नाही, आणि फौजदारी कायद्यातील शब्द ताणू नयेत हेही रास्तच आहे. परंतु रूढी कोणाची? बोलणीच्या बैठकीत ठरते ती रक्कम हुंडा, हा अर्थ बैठकीला बसणाऱ्यांचा आहे. पेरणीच्या तोंडावर सुनेला माहेरी पिटाळणाऱ्या घरात त्या मागणीला हुंडा म्हणत नाहीत. तेथे खताचे पैसे म्हणजे खताचे पैसेच असतात, आणि सुनेची आईही जबाबात तेच शब्द उच्चारणार. शिवाय ‘विवाहानंतर कोणत्याही वेळी’ हे शब्द संसदेने मुद्दाम घातले होते. रूढ अर्थाचा आश्रय घेताना त्यांचे बळ कमी झाले, असे म्हणणे भाग आहे. २०१५ मध्ये राजिंदर सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात तीन न्यायाधीशांच्या पीठाने अप्पासाहेब निकालातील अर्थ बरोबर नसल्याचे सांगितले. २०२२ मध्ये मध्य प्रदेशातील एका प्रकरणात घर बांधण्यासाठी मागितलेला पैसाही हुंड्यात मोडतो, असे ठरले.

वादाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ४९८-अ च्या दुरुपयोगाला ‘कायदेशीर दहशतवाद’ म्हटले, २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात सरसकट अटकेला पायबंद घातला, आणि २०२२ मध्ये मोघम आरोपांवरून पतीच्या नातलगांवर खटला चालविण्यास नकार दिला. येथेही भाषा आड येते. ‘सासरच्या मंडळींनी छळ केला’ हे मराठीतील अगदी स्वाभाविक वाक्य आहे. मंडळी या समूहवाचक नामात सासू, दीर आणि दूर नांदणारी नणंदही सामावते. प्रत्येकाचे कृत्य वेगळे मागणाऱ्या कायद्याला ते वाक्य मोघम वाटते. मूळ तक्रार खोटी आहे की केवळ मराठी वळणाची आहे, हे जबाब लिहितानाच विचारले गेले तर कळेल; नंतर नाही.

२०१७ च्या राजेश शर्मा निकालाने तक्रारी आधी कुटुंबकल्याण समित्यांकडे पाठविण्याचे ठरविले. त्याविरुद्ध जे अर्ज झाले त्यांत अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथील महिला वकिलांच्या ‘न्यायाधार’ संस्थेचा अर्ज होता. १४ सप्टेंबर २०१८ रोजी त्या समित्यांची योजना रद्द झाली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. ४९८-अ चा मजकूर कलमे ८५ व ८६ यांत विभागला गेला, हुंडाबळी कलम ८० मध्ये आला. हुंडा शब्दाचा अर्थ मात्र तेथेही १९६१ च्या कायद्यातूनच घ्यावयाचा आहे.